मानाचा रथ

नलूताई चिडल्या की शुद्ध बोलत.

एरवी त्या आमच्यासारख्याच, 'मले' आणि 'तुले'. भाजीवाल्याशी घासाघीस असो की स्टाफरूममधला चहा, भाषा अस्सल यवतमाळची. पण एकदा का त्यांच्या तोंडून 'मला असं वाटतं' असं वाक्य बाहेर पडलं, की समोरच्यानं आपली चप्पल शोधायला लागावं. शाळेत नवी शिक्षिका रुजू झाली की हजेरीपट कुठे असतो आणि माठातलं पाणी कोण भरतं याच्यासोबतच तिला हीही गोष्ट सांगितली जाई. मलाही सांगितली होती. मी मराठी शिकवायची, त्या भूगोल. पुढे दारव्हा रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या शेजारचंच घर मिळालं आणि उरलेलं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ताई गेल्या त्याला दोन पावसाळे झाले. अजूनही कोणी भेटलं की हळूच म्हणतं, "बाई चांगली होती, पण खुनशी होती." मी भांडत नाही. होत्याच खुनशी. लोक अपमान गिळतात आणि मग त्याला समजूतदारपणा म्हणतात, ते त्यांना कधी जमलं नाही, आणि मला त्या आवडायच्या त्या याचसाठी.

त्यांचं खुनशीपण आरडाओरड्याचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्यानं एकदा त्यांना किडकी तूरडाळ दिली आणि वर म्हणाला, "बाई, तुमच्या डोळ्यात दोष हाये." झालं. दुसऱ्या महिन्यापासून त्या पार बसस्टँडजवळच्या दुकानातून किराणा भरू लागल्या. तिथून घरी यायला सरळ रस्ता होता. पण ताई वळसा घालून, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन, बरोबर या किराणेवाल्याच्या दुकानासमोरून जात. दुकानासमोर आल्या की थांबत, पिशव्या खाली ठेवत, पदरानं मान पुसत आणि पुन्हा उचलत. दर महिन्याला, न चुकता. त्या माणसानं एकदा गल्ल्यावरून उठून हात जोडले. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही तिथे भिंतच आहे.

मी म्हटलं, "ताई, हात दुखतात न तुमचे?"

"दुखतात न. पण त्याचं पोट दुखते, त्याच्या हिशेबानं कमीच दुखतात."

शाळेची सहल हे ताईंचं राज्य होतं. त्यांचा एक ठरलेला नियम होता: "गाव पाह्यचं असन तं त्याच्या मिरवणुकीच्या दिवशी पाह्यचं. बाकीच्या दिवशी गाव घरातल्या कपड्यात असते." त्यामुळे आमच्या सहली कुठल्या तरी जत्रेच्या, पालखीच्या, पोळ्याच्या तोंडावर निघत. कुठे उभं राहिलं की मिरवणूक समोरून दिसेल, कोणत्या वेळी ऊन पाठीवर येईल, मुलींना संडासची सोय कुठे आहे, हे सगळं त्या आधी जाऊन पाहून येत. त्यांच्या घरी पडवीच्या भिंतीवर चक्क एक फळा होता. त्यावर त्या त्या गावाचा नकाशा खडूनं काढलेला असे.

एका वर्षी नवीन मुख्याध्यापक आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "नकाशा आणि बाईमाणूस यांचं कधी जमलंय का? यंदा सहलीचा रस्ता मी ठरवतो." ताई म्हणाल्या, "आपली जशी इच्छा." मी हातातला कप खाली ठेवला. 'आपली' म्हणाल्या होत्या. सहलीच्या दिवशी मुख्याध्यापक ड्रायव्हरच्या शेजारी नकाशा उघडून बसले. ताई सगळ्यात मागच्या बाकावर संत्रं सोलत होत्या. महागावच्या पुढे बस डावीकडे वळली तेव्हा त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा संत्र्यात डोकं घातलं. बस एका कालव्याच्या कडेला जाऊन थांबली. पुढे रस्ताच नव्हता. मागे वळायलाही जागा नव्हती. मुलींनी बाभळीखाली डबे खाल्ले, खूप हसल्या. मुख्याध्यापक आणि ड्रायव्हर मात्र उन्हात बस मागे मागे घेत घामाघूम झाले. ताईंना तो रस्ता पाठ होता. त्यांनी मला संत्र्याची फोड दिली आणि म्हणाल्या, "गोड हाये."

आता मूळ गोष्टीकडे येते.

ताईंचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आर्णीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेले. मूलबाळ नव्हतं. सासर बोरी अरबचं, कापूस-तुरीची चांगली शेती. तिथे मोठे दीर आणि मोठी जाऊ, सुशीलाबाई. सुशीलाबाईंचा मुलगा अभय आठवीत गेला तेव्हा त्याला शिकायला ताईंकडे यवतमाळला ठेवला. बारावीपर्यंत तो ताईंच्याच घरात वाढला. त्याचा डबा, त्याचा ताप, त्याच्या गणिताच्या शिकवण्या, पहिल्यांदा दाढी करताना कापलेली हनुवटी, सगळं ताईंनी पाहिलं. तो मला मावशी म्हणायचा आणि ताईंना काकू. पण 'काकू' हा शब्द तो ज्या आवाजात म्हणायचा तो आवाज आईसाठीचाच होता. बोरीला सुट्टीत गेला की चौथ्या दिवशी त्याचा फोन यायचा, "काकू, घ्याले ये."

सुशीलाबाई वाईट बाई नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकतर्फी बोलल्याचा ठपका येईल. आल्या की पोतंभर तूर, गवार, अंबाडीची भाजी घेऊन येत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पण मानापानाची हौस जबर. कोणत्या लग्नात आपल्याला कुठे बसवलं, कोणी आधी हळद लावली, हे त्यांना वर्षानुवर्षं लक्षात असायचं. एका अर्थानं दोघी जावा सारख्याच होत्या.

अभयचं लग्न आर्णीच्या मुलीशी ठरलं. आदल्या संध्याकाळी बोरीत नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळाकडे न्यायचं होतं. मीही गेले होते. अभयनं ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "काकू, मले पहिले तूच ओवाळजो." ताईंनी नवं ताट आणलं होतं. तरी ते राखेनं पुन्हा घासलं होतं. बँड वाजत होता. अभय घोड्यावर, तोंडावर फुलांचा सेहरा. ताई ताट घेऊन पुढे झाल्या. नेमकं बँडवाल्यांनी गाणं संपवलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आतल्या शांततेत सुशीलाबाईंचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू आला.

"नलू, तू जराशी मांगं हो. सवाष्णीचं काम हाये."

आणि त्यांनी ताईंच्या हातातलं ताट घेतलं आणि कुणा लांबच्या चुलत नणंदेच्या हातात दिलं. तिला तर अभयचं पूर्ण नावही माहीत नसावं. बँड पुन्हा सुरू झाला. ताई मागे झाल्या. इतक्या मागे, की शेवटी आम्ही दोघी जनरेटरच्या गाडीमागून, डिझेलच्या धुरातून चालत होतो. मी रडत होते. त्या रडल्या नाहीत. देवळाजवळ आल्यावर मला म्हणाल्या, "मंदा, हे मी विसरणार नाही." शुद्ध मराठीत.

सगळ्यात जास्त कशानं लागलं असेल तर ते अभयच्या गप्प बसण्यानं. त्यानं कधी विचारलंच नाही की काकू, तू का आली नाहीस पुढे. सेहऱ्याआडून त्याला दिसलं नसेल, हे मान्य. पण नंतर? नोकरीसाठी तो पुण्याला गेला, तिथून जपानला, ओसाकाला. दर रविवारी फोन करी. ताई बोलत, हसत, आणि फोन ठेवला की म्हणत, "विचारलं नाही त्यानं." वर्षं गेली तरी दर रविवारी हेच.

मग अभयनं आईला आणि काकूला जपान पाहायला बोलावलं. दोघींनाही. सुशीलाबाईंनी लगेच सांगून टाकलं, "मले नागपूरच्या पुढचं काही समजत नाही. नलू असन तं जमते, नाहीतं नाही." म्हणजे सगळं ताईंच्या हातात आलं. मला म्हणाल्या, "तूही चाल. मले सोबत पाह्यजे." नंतर कळलं की सोबतीपेक्षा त्यांना साक्षीदार हवा होता.

अभय म्हणाला, "काकू, एप्रिलमध्ये या, सगळीकडे फुलं असतात."

"फुलं यवतमाळातही असतात. पळस पाह्यला नाही काय तू? आम्ही जुलैत येऊ. मिरवणूक असते क्योटोत."

जुलैत शेतात तण काढायची डवरणी चालू असते. दीर शेत सोडून येणार नाहीत, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याच्या आडोशाशिवाय जाऊ एकटी हवी होती त्यांना.

पडवीतल्या फळ्यावर क्योटो उमटलं. सरळ उभे आडवे रस्ते, बुद्धिबळाच्या पटासारखे. ताई जुन्या विद्यार्थिनीला समजावावं तसं मला समजावत. लाकडी रथ असतात, दोन-तीन मजली घरांएवढे उंच, वर बासरी आणि घंटा वाजवणारे लोक. माणसं दोरांनी ओढतात. कोपऱ्यावर रथ वळत नाही, कारण चाकं वळतच नाहीत, म्हणून चाकाखाली बांबूच्या फाकी अंथरतात, पाणी टाकतात आणि सगळा रथ आडवा ओढून घसरवतात. "भूगोलात शिकवावी अशी गोष्ट हाये ही," त्या म्हणत. आणि मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी रथ रस्त्यात उभे असतात, लोकांना वर चढून पाहता येतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर त्या फोनवर एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होत्या. माझी चाहूल लागली तशी त्यांनी तो मला दाखवला. सगळ्यात पुढे चालणारा रथ होता. मानाचा. बाजूच्या इमारतीतून वर जायला जिना होता. तिथे एक माणूस उभा होता. दोन बाया आल्या, त्यानं वाकून नमस्कार केला आणि त्यांना बाजूला होण्याची खूण केली.

"या एका रथावर बाईले चढू देत नाहीत," ताई म्हणाल्या. "कोणत्याच बाईले नाही. मंदा, सवाष्ण असो नाहीतं कोणी असो, बाई म्हंजे बाई." आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी सगळं कळलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

त्यानंतर सगळी सहल त्या एका जिन्याभोवती बांधली गेली. हॉटेल रथापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एकाच सरळ रस्त्यावर. हरणांचं गाव, सोन्याचं देऊळ, जुना किल्ला, हे सगळं त्याच्या आधी, म्हणजे जावेचे पाय दुखायच्या आत उरकेल असं. मिरवणुकीच्या दिवशी बसायला रस्त्याच्या कडेच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत, चार. आणि जावेच्या मनात त्यांनी तो रथ पेरला. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "बाई, मानाचा रथ असते सगळ्यात पुढं. लय जुना. मानाची माणसं असतात वर."

बोरीहून रोज फोन येऊ लागला. "नलू, त्या रथावर मले चढाले भेटन न?"

"पाहू न बाई. आपण तिथी जाऊ तं खरं."

सुशीलाबाईंनी गावभर सांगितलं. महिलामंडळात सांगितलं, नातेवाईकांत सांगितलं. त्या दिवसासाठी हिरवीगार रेशमी साडी वेगळी काढून ठेवली.

क्योटोत पाय ठेवला तेव्हा उकाडा असा, की यवतमाळचा मे बरा वाटावा, कारण इथे घाम वाळतच नव्हता. अभय ओसाकाहून येऊन भेटला. त्याच्या बायकोला ऑफिसमुळे जमलं नव्हतं. तो दोघींच्या पाया पडला. ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि सुशीलाबाई म्हणाल्या, "पोरगं बारीक झालं."

ती संध्याकाळ आली. रस्त्यात गाड्या बंद. रथांवर कंदिलांचे झुबकेच्या झुबके. बासरी आणि घंटांचा एकसुरी आवाज. पोरी त्यांच्या फुलाफुलांच्या सुती झग्यांत. आणि त्या गर्दीत सुशीलाबाई, हिरव्या रेशमी साडीत, हातभर बांगड्या, कपाळावर कुंकू. जपानी बाया वळून वळून पाहत होत्या आणि सुशीलाबाईंना ते आवडत होतं. ताई साध्या सुती साडीत, एक पाऊल मागे. मुद्दाम मागे, कारण त्यांना जावेचं तोंड पाहायचं होतं आणि ते कुठून नीट दिसेल हेही ठरलेलं होतं.

जिन्याशी आमचा नंबर आला. निळ्या-पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा माणूस पुढे झाला, कमरेत वाकला आणि अभयशी हळू आवाजात बोलला. अभयचा चेहरा उतरला. त्याला हे खरंच ठाऊक नव्हतं.

"आई... इथी बायायले वर जाता येत नाही म्हणे. जुनी पद्धत हाये त्यांची. मले माहीत नव्हतं वं."

ताई जावेकडे पाहत होत्या, पापणी न हलवता.

सुशीलाबाईंनी रथाकडे वर पाहिलं. त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "अस्सं काय? मंग बरोबर हाये. देवाचा रथ हाये. रीत म्हंजे रीत." त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, खालूनच रथाला हात जोडले, म्हाताऱ्यालाही जोडले. तो बिचारा पुन्हा वाकला. मग त्या आपण होऊन बाजूला झाल्या. "जा अभय, तू पाहून ये वर. आमी इथीच उभ्या राह्यतो. मंदा, पाणी हाये काय वं?"

बस. एवढंच. अपमान नाही, राग नाही, डोळ्यांत पाणी नाही. वर्षभराची ती सगळी मांडणी तिथे रस्त्यावर पालथी पडली. ताईंची चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं. जी गोष्ट आपल्याला लागली ती तिलाही तशीच लागेल, असं त्यांनी धरलं होतं. पण सुशीलाबाई रीत मानणाऱ्या होत्या. मनापासून. दुसऱ्याला मागे सारताना जेवढ्या निवांत होत्या तेवढ्याच स्वतः मागे होताना होत्या. असल्या माणसाचा सूड कसा घ्यायचा?

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला बाजूला केलं आणि जावेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"इतकं सोपं असतं का हो, बाई, मागे होणं?"

शुद्ध बोलल्या. सुशीलाबाईंना त्या बोलण्याचा अर्थ ठाऊक होता. त्या दचकल्या. "म्हंजे?"

"अभयच्या लग्नात तुम्ही मला मागे व्हायला सांगितलंत. सगळ्या गावासमोर माझ्या हातातलं ताट काढून घेतलंत."

"आता ते काय नवीन हाये? आपली रीत हाये ते. मी काय तुह्या वाईटासाठी केलं?"

"काय ताट?" अभय म्हणाला. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरून खाली उतरला होता. "कोणाचं ताट? आई, तू तं मले सांगितलंतं का काकूच नाही म्हणली. लोकं काय म्हणतीन म्हणून तिनंच नको म्हटलं."

वर घंटा वाजत होत्या. सुशीलाबाई पदराचं टोक सारखं करू लागल्या. "जाऊ दे न. एवढं जुनं कायले काढता इथी परदेशात."

अभय ताईंकडे वळला. "काकू, तू नको म्हणली होती?"

"मी ते ताट स्वतः घासलं होतं, अभय. तुझ्यासाठी."

अभयच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो मनानं मागे जातोय, घोड्यावर, सेहऱ्याआड, आणि इतके रविवार. ताईंनाही त्याच क्षणी कळलं की त्यानं का विचारलं नव्हतं. पण त्या थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जावेकडे पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं.

"रीत होती ना? मग मुलाला सांगायची होती. छातीठोकपणे सांगायचं, की रीत होती म्हणून मी नलूला मागे केलं. खोटं का बोललात?"

सुशीलाबाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि मुलानं नजर दुसरीकडे वळवली. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. कंदिलांच्या उजेडात, एवढ्या कुंकवाखाली, हळूहळू उतरला. ताई तो पाहत उभ्या राहिल्या. घाई केली नाही. पोटभर पाहिला.

आणि मी? मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मला त्या डिझेलच्या धुराची आठवण झाली आणि मनात म्हटलं, भोगा आता.

अभय रथावर चढला नाही. त्यानं ताईंच्या हातातली पिशवी घेतली आणि हॉटेलकडे चालू लागला. ताई त्याच्या बाजूनं. मी त्यांच्यामागे. सुशीलाबाई सगळ्यात शेवटी, एकट्या, साडीच्या निऱ्या सावरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलाबाई म्हणाल्या, "माहे पाय सुजले. तुमी या पाहून." अभय दारात उभा होता. त्यानं चल म्हणून आग्रह केला नाही. "आराम कर," एवढंच म्हणाला, तेही दाराच्या कडीकडे पाहत.

खुर्च्या मोठ्या रस्त्याच्या कडेला होत्या. वर सावली नाही, आणि मागच्यांना दिसावं म्हणून छत्री उघडायची बंदी. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या गवती टोप्या. आम्हीही तिघांनी घातल्या. चौथ्या खुर्चीवर ताईंनी आपली काळी पर्स ठेवली. मागून एक म्हातारी जपानी बाई अदबीनं विचारायला आली, ताईंनी मानेनंच नाही म्हटलं.

"समाधान झालं?" मी विचारलं.

"पुरतं," ताई म्हणाल्या. "मले तिची माफी नको होती. मले तिचं तोंड पाह्यचं होतं."

घंटांचा आवाज जवळ आला. पहिला रथ वळणावर दिसू लागला, कालचाच, मानाचा. अभय उठून पुढे, गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी गेला आणि फोननं टिपू लागला. मी माणसं बांबूच्या फाकी कशा अंथरतात ते पाहायला मान उंचावली, आणि सहज मागे नजर गेली.

खुर्च्यांच्या मागे, कठड्यापलीकडे, उभ्यानं पाहणाऱ्यांची गर्दी होती. त्या गर्दीत हिरवी रेशमी साडी.

नागपूरच्या पुढचं काही न समजणारी बाई त्या सरळ रस्त्यानं, सुजलेल्या पायांनी, लोकांच्या मागे मागे एकटी चालत आली होती. कपाळावर हात आडवा धरून ती खुर्च्यांच्या रांगा धुंडाळत होती. एकेका टोपीवर नजर थांबायची आणि पुढे सरकायची. सगळ्या टोप्या सारख्या. आमच्यावरूनही तिची नजर गेली आणि पुढे सरकली.

"ताई, मोठ्या बाई आल्या," मी म्हटलं आणि उठले.

ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बस."

"अहो, एकट्या आल्या त्या. उन्हात उभ्या आहेत. मी नुसता हात करते."

"मंदा, खाली बस. अभयले आवाज देशीन तं पाह्य."

मी बसले. त्यांची पकड म्हाताऱ्या बाईची नव्हती. समोर रस्त्यावर पाणी ओतलं जात होतं, माणसं एका आवाजात ओरडत होती, आणि एवढा मोठा रथ करकरत आडवा घसरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. ताई ताठ बसल्या होत्या, तोंड मिरवणुकीकडे. मी मध्ये मध्ये मागे पाहत होते. हिरवी साडी कठड्याच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. एकदा तिनं हाक मारली असावी, कारण शेजारची माणसं तिच्याकडे वळली, पण घंटांमध्ये आम्हाला काही ऐकू आलं नाही. दुसरा रथ वळला. तिसरा वळला. मग केव्हा तरी मी पाहिलं तर तिथे एक शाळकरी पोरांचा घोळका उभा होता आणि साडी कुठेच नव्हती.

"गेली काय?" ताईंनी विचारलं. मान अजूनही समोरच.

"गेल्या."

त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यावर बोटांचे वळ उठले होते. चौथ्या खुर्चीवरची पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली. अभय दोरीपासून परत आला, घामानं निथळत, हसत, फोन पुढे करत. ताईंनी टोपी काढली, पदरानं डोळे पुसले आणि त्याच्यासाठी जागा करत म्हणाल्या, "ये, बस. अन् मले सांग बरं, आतापर्यंत कोणकोणते रथ गेले?"